परसबाग, शाळेची बाग आणि घरचे बियाणे

परसबाग म्हणजे घराच्या मागच्या किंवा बाजूच्या जागेत, घरच्या सांडपाण्यावर आणि घरच्याच खतावर वाढवलेला भाजीपाला. महाराष्ट्रातल्या खेड्यांत तिची मांडणी बहुधा ठरलेली असते. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळी, गोठ्याच्या छपरावर चढवलेला दुध्या किंवा लाल भोपळा, कुंपणाला वाल आणि घेवडा, मांडवावर दोडका आणि कारले, कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू. मोठ्या शेताला लागणारी नांगरट, बैलजोडी, विहिरीचे पाणी यांतले काहीच तिला लागत नाही. खुरपे, बादली आणि रोजची थोडी नजर एवढ्यावर ती चालते. त्यामुळे तिची देखभाल बहुतेक घरांत बायकांकडेच राहिली, आणि कोणत्या वेलाचे बी ठेवायचे हा निर्णयही त्यांच्याकडेच राहिला.

सणवारांतही या बागेला जागा आहे. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही, असा प्रघात आहे. त्या दिवशीच्या भाजीत अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, काकडी, सुरण, मक्याचे कणीस अशा हाताने लावलेल्या गोष्टी पडतात. पावसाळ्यात परसात जे जे पिकते ते सगळे त्या एका पातेल्यात येते. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलवर्गीय भाज्यांचे बी लावतात, म्हणजे पहिला पाऊस येईपर्यंत रोपे पाणी देऊन जगवलेली असतात आणि श्रावणात फळे हाती येतात. गोव्यातले कुळागर हे याच विचाराचे मोठे रूप आहे. डोंगरउतारावरच्या झऱ्याच्या पाण्यावर माड, पोफळी, केळी, मिरी, जायफळ, अननस यांची उंचीनुसार रचलेली ती बाग घराला लागूनच असते.

गेल्या काही दशकांत हा परस आक्रसत गेला. अंगणात फरशी आली, न्हाणीचे पाणी बंद गटारात गेले, आणि शेतातली मिश्र पिके जाऊन सलग सोयाबीन, कापूस किंवा ऊस आला. शेतकऱ्याच्या घरातही भाजी आठवडी बाजारातून विकत येऊ लागली. याचा परिणाम ताटावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम असायला हव्यात. हातावर पोट असलेल्या घरात पैशाची ओढाताण झाली की सगळ्यात आधी भाजीच कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या पालेभाजीने तो बरा होत नाही. पण दाराशी शेवगा, माठ, अळू आणि लिंबू असले तर लोह, जीवनसत्त्वे आणि चव तिन्ही रोज ताटात येतात. याच जाणिवेतून राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने महिला बचत गटांमार्फत ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबवली.

परसबागेची आखणी

परसबागेला पहिली गरज उन्हाची असते. फळभाज्यांना दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागते. अळू, पुदिना, आले यांना अर्धी सावली चालते. वाफ्याची रुंदी तीन-चार फुटांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यातली माती पायाखाली तुडवली जात नाही. अनेक गावांत बाग गोल आखतात. मध्यभागी ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवण्याचा खड्डा, भोवती आठवड्याच्या सात दिवसांचे सात वाफे, आणि कडेने वेलांचे मांडव. रोज एका वाफ्यातली भाजी काढायची आणि रिकाम्या जागी लगेच पुढचे बी टाकायचे, असे चक्र ठेवले की भाजी एकदम येऊन वाया जात नाही.

हंगामाचे भान यात महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात काकडी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार आणि अळू; हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, वाल, वांगी, टोमॅटो; उन्हाळ्यात चवळी, लाल माठ, भोपळा असा साधारण क्रम असतो. मेथी महिनाभरात काढणीला येते, वांगे कित्येक महिने फळे देते, शेवगा वर्षानुवर्षे राहतो. कमी, मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या झाडांची सांगड घातली की वर्षभर काही ना काही हाताला लागते. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली असल्याने एकापाठोपाठ त्याच वाफ्यात लावू नयेत; मधल्या हंगामात वाल, चवळी, गवार यांसारखे शेंगवर्गीय पीक घ्यावे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात आणि रोगांची साखळीही तुटते. मावा, तुडतुडे यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क हा जुना, स्वस्त आणि परीक्षा झालेला उपाय आहे.

शहरातली सामूहिक बाग

ज्यांना परस नाही त्यांनी एकत्र येऊन जागा मिळवायची, ही कल्पना औद्योगिक शहरांतून आली. जर्मनीत लाइपझिगमध्ये १८६०च्या दशकात शहरी कुटुंबांच्या छोट्या बागांची चळवळ सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९०८च्या कायद्याने, मागणी असेल तिथे रहिवाशांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे देणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली; असा एक तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेत बागा, मैदाने आणि अंगणे भाजीखाली आली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाला मिळणारे इंधन आणि खत आटले, तेव्हा हवाना शहराने पडीक भूखंडांवर वाफे करून आपल्या भाजीचा मोठा वाटा स्वतः पिकवला. संकटात शहर अन्न पिकवू शकते, हे या सगळ्या अनुभवांतून दिसले.

महाराष्ट्रात या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे मोठे काम कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी केले. ते गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचे जाळे उभारले आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून आपली मांडणी केली. पानावर पडणारे ऊन हे शेतीचे खरे भांडवल आहे, आणि दहा गुंठ्यांत नीट नियोजन केले तर पाच माणसांच्या कुटुंबाच्या गरजा भागू शकतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्यांची पद्धत मुंबईच्या गच्च्यांपर्यंत पोचली. पालापाचोळा, उसाचे चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडी माती यांच्या मिश्रणावर पिशव्या, पिंपे आणि विटांच्या वाफ्यांत झाडे वाढवता येतात, हे तिथे दिसून आले. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२च्या सुमारास उभी राहिलेली बाग त्याचे ठळक उदाहरण ठरली. हजारो कामगारांच्या जेवणातून उरणारी साले, देठ आणि टरफले कचऱ्याच्या गाडीत जाण्याऐवजी त्याच इमारतीच्या माथ्यावर खत झाली.

गच्चीवरच्या बागेत हलके मिश्रण वापरण्याला आणखी एक कारण आहे. भिजलेली माती फार जड असते, म्हणून स्लॅबची क्षमता आणि जलरोधक थर तपासल्याशिवाय काम सुरू करू नये. जमिनीवरच्या सामूहिक बागेत अडचणी वेगळ्या असतात. जागा कोणाची आणि किती वर्षांसाठी, पाणी कुठून आणि कोणाच्या खर्चाने, उत्पन्न कसे वाटायचे, या तीन गोष्टी लेखी ठरलेल्या नसतील तर पहिल्या उत्साहानंतर बाग ओस पडते. वाफे कुटुंबांना वाटून द्यायचे आणि खत, पाणी, कुंपण सामाईक ठेवायचे, ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी टिकाऊ ठरते. स्वतःच्या वाफ्याची जबाबदारी स्पष्ट राहते आणि शेजाऱ्याचा अनुभवही मिळतो.

जागा निवडताना मातीचा आणि पाण्याचा इतिहास पाहणे अत्यावश्यक आहे. मुंबईत लोकलच्या रुळांकडेच्या पट्ट्यांत पालक, माठ, भेंडी पिकवण्याची पद्धत अनेक वर्षे होती, आणि त्या भाजीला मिळणाऱ्या नाल्याच्या पाण्याबद्दल वेळोवेळी गंभीर आक्षेप घेतले गेले. शिसे आणि कॅडमियमसारखे जड धातू पालेभाज्यांत सहज उतरतात, आणि भाजी कितीही धुतली तरी पेशींत शिरलेला धातू निघत नाही. कारखान्याची जुनी जागा, भंगाराचे आवार, रहदारीच्या रस्त्याची कड अशा ठिकाणी मातीची तपासणी करूनच लागवड करावी, किंवा बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे वापरावेत.

शाळेची बाग

हाताने काम करत शिकण्याचा विचार महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथे मांडलेल्या ‘नई तालीम’ने उत्पादक श्रम हे शिक्षणाचे माध्यम मानले आणि सूतकताईबरोबर शेती हा एक मूळ उद्योग धरला. सेवाग्रामच्या शाळेत मुले वाफे करत, भाजी काढत, तिचा हिशेब ठेवत, आणि त्यातूनच गणित, विज्ञान आणि भाषा शिकत. आजही सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेतकाम हा शिक्षणाचा भाग आहे.

सरकारी पातळीवर या विचाराने पोषणाच्या मार्गाने पुन्हा प्रवेश केला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नवे नाव मिळाले, तेव्हा तिच्या आराखड्यातही या बागा आल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी परसबागांच्या स्पर्धा घेतल्या जातात. शाळेतल्या खिचडीत किंवा आमटीत बागेतला शेवगा, पालक, कोथिंबीर पडावी, ही त्यामागची साधी अपेक्षा आहे. शंभर मुलांच्या रोजच्या जेवणाची सगळी भाजी दोन गुंठ्यांतून निघत नाही, पण जेवणात ताजा पाला पडतो आणि स्वतः पेरलेली भाजी मूल आवडीने खाते.

बागेचा खरा लाभ शिकण्यात आहे. वाफ्याचे क्षेत्रफळ काढणे, शंभर बियांतून किती उगवल्या ते मोजून टक्केवारी मांडणे, रोपाची उंची दर आठवड्याला नोंदवून आलेख काढणे, फुलावर येणारी मधमाशी आणि भुंगे ओळखणे, नर आणि मादी फूल वेगळे करून पाहणे, या सगळ्या गोष्टी पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना प्रत्यक्ष आधार देतात. भोपळ्याच्या मादी फुलामागे छोटे फळ आधीपासूनच असते आणि नर फुलामागे नसते, हे एकदा हातात घेऊन पाहिलेले मूल परागीभवन विसरत नाही.

शाळेच्या बागेला सर्वांत मोठा धोका उन्हाळ्याच्या सुटीचा असतो. ऐन उन्हाळ्यात शाळा बंद होते आणि पाणी घालायला कोणी उरत नाही. म्हणून बागेचे वर्ष जून ते मार्च असेच धरणे शहाणपणाचे आहे. पावसाळी पीक शाळा सुरू होताच घ्यावे, हिवाळी पीक दिवाळीच्या आसपास लावावे आणि मार्चमध्ये बी काढून वाफे मोकळे करावेत. उन्हाळाभर टिकायला शेवगा, लिंबू, कढीपत्ता अशी काटक झाडे असावीत. पाण्यासाठी वेगळी सोय नसेल तर हात आणि ताटे धुण्याच्या नळांचे पाणी चराने वाफ्यांकडे वळवता येते. मोकाट गुरांपासून राखण करायला काटेरी कुंपण लागतेच. आणि बाग एका उत्साही शिक्षकाच्या बदलीबरोबर संपू नये म्हणून शाळा व्यवस्थापन समिती आणि गावातला एखादा बचत गट सुरुवातीपासून तिच्यात असावा.

मार्चमध्ये बी काढण्याचा टप्पा बहुतेक शाळांत राहून जातो. दर जूनला पाकिटे विकत आणली जातात आणि बाग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही साखळी पुरी करायची तर बियाण्याचे शास्त्र समजून घ्यावे लागते.

वाण म्हणजे काय

एकाच पिकाच्या, पण रंग, चव, कालावधी आणि काटकपणा यांत वेगळ्या असणाऱ्या प्रकारांना वाण म्हणतात. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून एखाद्या भागात स्थिरावलेला वाण तो स्थानिक किंवा गावरान. जळगावचे भरिताचे वांगे, मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, अलिबागचा पांढरा कांदा, गोव्यातली खोला मिरची ही भौगोलिक मानांकन मिळालेली काही नावे. यांमागे शेकडो अशी नावे आहेत जी एकेका खोऱ्याबाहेर कोणाला माहीत नाहीत. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाणदेखील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतूनच निवडला गेला. म्हणजे कृषिसंशोधनाचा कच्चा मालही शेतकऱ्यांच्या निवडीतूनच आलेला आहे.

संकरित म्हणजे हायब्रीड बियाणे दोन वेगळ्या वाणांच्या ठरवून केलेल्या संकरातून बनते. पहिल्या पिढीत झाडे एकसारखी आणि जोमदार येतात, पण त्या झाडांचे बी पुन्हा पेरले की गुणांची फाटाफूट होते आणि पीक एकसारखे राहत नाही. त्यामुळे ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. १९६४ मध्ये आलेली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी. संकरित आणि सुधारित वाणांनी धान्याच्या तुटवड्याच्या काळात उत्पादन वाढवले, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच वेळी कणगीतले जुने बी पेरायचे थांबले. बी हे काही वर्षेच जिवंत राहते. दोन-चार हंगाम कोणी पेरले नाही की तो वाण त्या गावातून कायमचा जातो, आणि तो गेल्याची नोंदही होत नाही.

हे नुकसान किती महाग पडू शकते याची दोन उदाहरणे कृषिविज्ञानात नेहमी दिली जातात. १९७० मध्ये अमेरिकेत मक्याच्या पिकावर करप्याची साथ आली आणि त्या वर्षीचे सुमारे १५ टक्के पीक गेले, कारण बहुतेक सगळे संकरित मके एकाच आनुवंशिक घटकावर बेतलेले होते आणि नेमका तोच रोगाला बळी पडणारा होता. त्याच सुमारास आशियात भाताच्या खुरटेपणाच्या विषाणूरोगाने धुमाकूळ घातला होता. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभाताच्या नमुन्यात. तिच्यावरून तयार झालेले वाण पुढे आशियाभर पसरले. ज्या वाणाचा आज उपयोग दिसत नाही त्याचीच उद्या गरज पडू शकते.

बी धरण्याची रीत

बी धरायचे तर आधी त्या झाडाचे परागीभवन कसे होते ते माहीत हवे. टोमॅटो, वाल, चवळी, गवार, वाटाणा, मेथी आणि भात ही प्रामुख्याने स्वपरागीभवन करणारी पिके आहेत. त्यांचे वेगळे वाण थोड्या अंतरावर लावले तरी फारसे मिसळत नाहीत, म्हणून नवशिक्याने त्यांपासून सुरुवात करावी. वांगी, मिरची, भेंडी यांत कीटकांमुळे काही प्रमाणात संकर होतो. काकडी, भोपळा, दुध्या, दोडका, कारले, मुळा आणि कांदा यांत तो मोठ्या प्रमाणात होतो. मका, पालक आणि माठ यांचे पराग वाऱ्याने दूर जातात. दुध्या आणि काकडी यांचा आपसात संकर होत नाही, पण दुध्याचे दोन वाण शेजारी असले तर नक्की मिसळतात.

अंतर राखणे शक्य नसेल तिथे हाताने परागीभवन करता येते. दुसऱ्या दिवशी उमलणारी नर आणि मादी कळी आधीच दोऱ्याने बांधून ठेवायची, उमलण्याच्या वेळी नर फुलाचे पराग मादी फुलावर लावायचे, पुन्हा बांधायचे आणि त्या फळाला खूण करायची. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुध्याचे आणि दोडक्याचे संध्याकाळी. त्यामुळे कामाची वेळही पिकानुसार बदलते.

निवड फळ लागण्याआधीच सुरू होते. रोगमुक्त, जोमदार आणि त्या वाणाचे गुण स्पष्ट दाखवणारी झाडे ओळखून त्यांना चिंधी बांधावी. त्यांची चांगली फळे बियाण्यासाठी राखावीत. उरलेसुरले शेवटचे फळ बियाण्याला ठेवण्याची सवय वाण हळूहळू बिघडवते. बी एकाच झाडाचे घेऊ नये. स्वपरागी पिकांत वीसेक आणि परपरागी पिकांत पन्नास किंवा अधिक झाडांचे बी एकत्र केले तर वाणातली विविधता टिकते. परसात इतकी झाडे मावत नाहीत. पाच-दहा घरांनी एकच वाण लावून बी एकत्र करणे, हा त्यावरचा उपाय आहे.

फळ खाण्याजोगे असते तेव्हा त्यातले बी बहुधा कोवळे असते. बियाण्याची काकडी पिवळी पडेपर्यंत आणि वांगे पिवळसर-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवावे लागते. भेंडी, दोडका आणि दुध्या वेलावर किंवा झाडावरच वाळू द्यावेत. हलवल्यावर आत बी खुळखुळले की ते तयार. टोमॅटोच्या बीभोवती बुळबुळीत थर असतो आणि तो उगवण रोखतो. गर आणि बी भांड्यात दोन-तीन दिवस आंबू दिले, अधूनमधून ढवळले, की थर सुटतो, भरीव बी तळाशी बसते, आणि मग ते धुऊन वाळवता येते. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. दुध्या किंवा काकडी कडू लागली तर ती खाऊ नये आणि तिचे बीही धरू नये. या कडवटपणामागची द्रव्ये विषारी असतात, आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो.

बियाण्याचे खरे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. साठवणशास्त्रातला एक सर्वमान्य आडाखा असा आहे की बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी झाला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून बी आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात वाळवावे. दाताखाली दबले तर ते ओले आहे, कट्कन फुटले तर साठवायला योग्य आहे. जुन्या घरांत लाकडाच्या राखेत कालवलेले बी मडक्यात किंवा वाळलेल्या दुध्याच्या कवचात भरून तोंड शेणमातीने लिंपत. मक्याची कणसे आणि दोडके चुलीवरच्या धुरात टांगत. राख ओल शोषते आणि कडधान्यातल्या भुंग्यांना हालचाल करू देत नाही. धूर बी कोरडे ठेवतो आणि किडीला दूर राखतो. आज हवाबंद काचेच्या बरणीत राख किंवा सिलिका जेल घालून तेच साधता येते. प्रत्येक बरणीवर पिकाचे व वाणाचे नाव, गाव आणि हंगाम लिहिलेला असावा. कांद्याचे बी वर्षभरातच क्षीण होते, टोमॅटो आणि काकडीवर्गीयांचे चार-पाच वर्षे टिकते. पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजली की किती बी पेरायचे ते कळते. हळद, अळू, सुरण, रताळे, केळी यांची लागवड बियांपासून करत नाहीत. त्यांचे कंद, वेल किंवा मुनवे हेच बेणे, आणि ते दरवर्षी लावूनच जपावे लागते.

बीज बँक आणि कायदा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी हे ज्ञान देशापुढे ठेवले. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातली मुले वारंवार आजारी पडू लागल्यावर त्यांनी गावरान भाज्या आणि धान्ये पुन्हा लावायला सुरुवात केली, आसपासच्या गावांतून बी गोळा केले, आणि ‘बाएफ’ या संस्थेच्या साथीने घरातच बीज बँक उभारली. भात, वाल, घेवडा, वाटाणा आणि पालेभाज्यांचे अनेक वाण त्यांनी जपले आणि कळसूबाई परिसरातल्या शेतकरी कुटुंबांत वाटले. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, त्यानंतर नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० साठीची पद्मश्री मिळाली. ‘बीजमाता’ म्हणून आज त्या ओळखल्या जातात. जव्हार परिसरात भात आणि नाचणीचे, तर नंदुरबारच्या धडगाव भागात मका आणि ज्वारीचे वाण याच पद्धतीने जपले जात आहेत.

गावाच्या बीज बँकेचा व्यवहार सोपा असतो. हंगामाआधी मूठभर किंवा किलोभर बी न्यायचे आणि पीक आल्यावर दीडपट किंवा दुप्पट परत करायचे. त्यामुळे साठा दरवर्षी ताजा होतो आणि एका घरी पीक बुडाले तरी दुसऱ्या घरी बी शिल्लक राहते. सरकारी जनुक पेढीचे काम वेगळे आहे. नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश तापमानात ठेवलेले आहेत, आणि २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जगभरच्या बियाण्यांच्या जादा प्रती गोठलेल्या डोंगराच्या पोटात साठवल्या जातात. महाराष्ट्र सरकारनेही २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मान्यता दिली. स्थानिक पीक वाण हा त्याचा एक विषय आहे. शीतगृहातले बी आपत्तीत कामी येते, पण तिथे ते ज्या हवामानात गोठले त्याच हवामानाचे राहते. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी बदलत्या पावसाशी, नव्या किडींशी आणि खाणाऱ्याच्या आवडीशी जुळवून घेत राहते. देशाला या दोन्ही व्यवस्था हव्यात.

कायदा या कामाच्या बाजूने आहे. ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१’ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी जतन करण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. मर्यादा एकच: संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्यांना आपले वाण स्वतःच्या नावाने नोंदवण्याची सोयही या कायद्यात आहे, आणि जतन करणाऱ्या समूहांना व व्यक्तींना त्याखाली पुरस्कार दिले जातात.

परस, सामूहिक वाफे आणि शाळेची बाग यांतून गव्हा-तांदळाची गरज भागणार नाही; त्यासाठी शेतीच लागेल. भाजीचा मात्र मोठा वाटा तिथून येऊ शकतो, आणि वाण टिकवण्याचे काम तर मोठ्या शेतापेक्षा तिथेच अधिक नीट होते, कारण बाजाराला एकसारखा माल पुरवण्याची सक्ती तिथे नसते. मे महिन्यात गावातल्या किंवा सोसायटीतल्या जाणत्या बायकांकडून जुन्या वाणांची नावे आणि बी गोळा करावे. जूनमध्ये प्रत्येक घराने एक वाण पत्करावा आणि शाळेने वाल, चवळी, टोमॅटो यांसारखे सोपे वाण घ्यावेत. हिवाळ्यात निवडलेल्या झाडांना खुणा कराव्यात, मार्चमध्ये बी वाळवून बरण्यांत भरावे, आणि पुढच्या मे महिन्यात त्यातला अर्धा भाग ज्यांच्याकडे ते नाही त्यांना द्यावा. इतके केले तर तीन-चार वर्षांत एका वस्तीकडे पाकिटातल्या बियाण्यावर अवलंबून नसलेला भाजीपाला, तो पिकवणारी मुले आणि त्याचे बी तिन्ही असतात. वाण पेरला, खाल्ला आणि वाटला गेला तरच टिकतो.